पान्हा आणि पिशवी

'पाडा' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. मूळ गावापासून थोडी अलग वसलेली लहान वस्ती म्हणजे पाडा. ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर असे पाडे जागोजाग सापडतात. कोकणपट्टीच्या बोलींत मात्र गाईच्या नर वासरालाही पाडा म्हणतात, आणि मादीला पाडी. हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले असावेत असा माझा दावा नाही. पण अंबरनाथच्या पश्चिमेकडील बुवापाड्याचे नाव वाचले की दोन्ही अर्थ एकाच वेळी मनात उभे राहतात. एके काळी जिथे पाडा होता तिथे पाडेही असणारच. आज बुवापाडा ही दाटीवाटीची नागरी वस्ती आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर एकमेकांना भिडली आहेत, आणि या पट्ट्यातल्या बहुतेक घरांत पहाटेचे दूध येते ते पिशवीतून.

गोठ्यातून पिशवीपर्यंतचा हा प्रवास आपण सहसा उत्पादनाचा इतिहास म्हणून वाचतो. किती लिटर दूध वाढले, कोणती सहकारी संस्था केव्हा निघाली, प्रक्रिया केंद्रे कुठे उभी राहिली, असे त्याचे टप्पे असतात. तो इतिहास खरा आहे आणि महत्त्वाचाही आहे. परंतु दूध ही वस्तू मुळात गाईच्या संमतीवाचून पुरती हाती येत नाही, ही गोष्ट त्यात हरवते. प्रस्तुत लेखात याच प्रवासाकडे दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे पान्ह्याच्या बाजूने, पाहण्याचा प्रयत्न आहे.

बुवापाड्यापासून जवळच, वालधुनीच्या काठावर अंबरनाथाचे शिवमंदिर आहे. त्यातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, आणि काळ उत्तर कोकणच्या शिलाहारांचा. मध्ययुगातले जे दगड महाराष्ट्रभर गावांच्या शिवेवर आणि देवळांच्या आवारात उभे आहेत, त्यांत जनावरे वारंवार भेटतात. गद्धेगाळीवर गाढव असते. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे. वीरगळांच्या खालच्या चौकटीत पुष्कळदा गाई कोरलेल्या असतात. गोधन राखताना कोणी मेला याची ती नोंद. आणि काही दगडांवर गाय-वासरू असते: वासरू कासेला लागलेले आणि गाय मान वळवून त्याला चाटणारी. अशा दगडाला दानाशी जोडले जाते, आणि धेनुगळ असे त्याला म्हणतात. गद्धेगाळ शापाची भाषा बोलते, तर हा दगड निर्वेध पोसण्याची. दान अबाधित राहावे हे सांगायला त्या काळच्या शिल्पकाराला गाईच्या पान्ह्याहून अधिक स्पष्ट खूण सुचली नाही, आणि ज्यांच्यासाठी ती कोरली त्या निरक्षर शेतकऱ्यांनाही ती समजावून सांगावी लागली नसणार. ते दृश्य ते रोज दोन वेळा पाहत होते.

त्या दृश्याचा क्रम थोडक्यात असा. पहाटे गोठ्यात गेल्यावर आधी शेण ओढायचे, गव्हाणीत वैरण टाकायची. धारेच्या वेळेला आंबोण पुढे ठेवायचे. पेंड, कोंडा, भिजवलेली सरकी, ज्याच्या घरी जे असेल ते. मग वासराचे दावे सोडायचे. ते धावत येऊन कासेला ढुशा देते, चारही सडांना आळीपाळीने तोंड लावते. गाईच्या डोळ्यांत आणि उभे राहण्यात फरक पडतो, कास भरून ताठ होते, सडांच्या टोकाशी दुधाचे थेंब दिसू लागतात. गाय पान्हावली. आता वासराला ओढून गाईच्या तोंडाशी बांधायचे, म्हणजे ती त्याला चाटत राहते. कास धुवायची, पहिल्या एकदोन धारा बाजूला टाकायच्या, आणि चरवी गुडघ्यांत धरून बसायचे. धार मुठीने काढणारा जाणकार. अंगठा मुडपून सड ओढणाऱ्याने गाईला दुखते आणि ती लाथ झाडते. शेवटी वासराला पुन्हा सोडायचे. त्याच्यासाठी किती राखायचे हा प्रत्येक घराचा धर्म वेगळा. कुणी एक सड सोडी, कुणी दोन, आणि अडचणीच्या दिवसांत कुणी जवळजवळ काहीच नाही.

या क्रमात माया आहे, पण ती निव्वळ भावना नाही. ती कामाचा एक भाग आहे. मराठी भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपण म्हणतो, गाय 'पान्हा सोडते', आणि नाखूश असली की 'पान्हा चोरते'. दोन्ही क्रियापदांची कर्ती गाय आहे. धार आपण काढतो. पान्हा मात्र तिचा. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त (१९३५) 'मोरी गाय' असे एक प्रकरणच आहे. ही गाय आईच्या हातालाच दूध देते. ज्यांनी गोठा पाहिलेला नाही अशा वाचकांना तो प्रसंग भाबडा वाटण्याचा संभव आहे. ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो साधे निरीक्षण वाटेल.

शास्त्राने या निरीक्षणाला दुजोरा दिला तो विसाव्या शतकात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीच्या अर्काने दूध उतरते हे १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी दाखवले. १९४१ मध्ये एली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी गाईंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. धारेच्या वेळी गाईला घाबरवण्यासाठी त्यांनी तिच्या पाठीवर मांजर बसवले आणि कागदी पिशव्या फुगवून फोडल्या. कास भरलेली असूनही दूध उतरेना. निष्कर्ष असा की सडांना झालेला स्पर्श, वासराची चाहूल, ओळखीचा आवाज यांमुळे पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते. ते कासेतील दुधाच्या सूक्ष्म पिशव्या आवळते आणि दूध खाली सरते. भीतीमुळे स्रवणारे ॲड्रिनलिन ही क्रिया अडवते. ऑक्सिटोसिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून पान्हा आल्यावर रेंगाळून चालत नाही. आजीने 'गप्पा नकोत, धार काढ' असे दटावण्यामागे हे रसायन होते. तिला त्याचे नाव माहीत नव्हते इतकेच.

मात्र गोठ्याच्या या चित्रावर फार भाळूनही चालणार नाही. ठाणे जिल्ह्याच्या पावसात टिकणारी जनावरे मुळात दुधासाठी राखलेली नव्हती. सह्याद्रीच्या माथ्यावरची डांगी जात घ्या. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि मुसळधार पावसातही ती चिखलणीला उभी राहते. दूध मात्र बेताचे. गाय पाळायची ती बैलासाठी आणि शेणासाठी, दूध हे वरकड. चराईच्या रानांवर जंगलखात्याने निर्बंध आणल्यावर हा जोडधंदाही अडचणीत आला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये शेतकऱ्याच्या गुरांचे चरण्याचे रान हिरावल्याबद्दल या खात्याला धारेवर धरले आहे. आणि आणखी एक गोष्ट आपले गोठ्याचे काव्य सोयीस्करपणे गाळते. गाईची धार काढणारे हात आणि मेलेली गाय ओढून नेणारे हात एकाच घरातले नव्हते. ते दुसरे काम जातीने ठरवून दिलेले होते. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा गाईभोवतीच्या मायेचा हिशेब प्रथमच दुसऱ्या बाजूने मांडला गेला. गाईची माया गावात सर्वांच्या वाट्याला सारखी आली नव्हती, हे लक्षात ठेवूनच पुढे जायला हवे.

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली, आणि १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत. म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या खोऱ्यातून. या मार्गाने मुंबई जवळ आली, तसे मुंबईचे पोटही जवळ आले. शहराला दूध हवे होते, आणि थंडपेट्यांच्या आधीच्या काळात दूध दूरवरून आणता येत नव्हते. मग दुधाऐवजी दूध देणारे जनावर शहरात आणले गेले आणि खेड्यातून त्याचा चारा आला. ठाणे जिल्ह्यातील गवत हा मुंबईच्या तबेल्यांना पुरवायचा मोठा व्यापार झाला. तबेल्यांत गाईपेक्षा म्हैस अधिक, कारण दुधात स्निग्धांश अधिक. ती गुजरात-पंजाबकडून व्यालेली आणायची, आटेपर्यंत दुहायची आणि भाकड झाली की विकून टाकायची. शहरातली जागा आणि चारा इतका महाग की पुढच्या वेतापर्यंत तिला पोसणे परवडत नसे. वासरू किंवा रेडकू तर त्याहून निरुपयोगी. जे दूध ते पिणार तेच विकायचे होते.

इथे पान्ह्याचा प्रश्न उभा राहिला. वासरू मेले तरी गाय पान्हावली पाहिजे. त्यावर पहिला उपाय जुनाच होता, मेलेल्या वासराच्या कातड्यात भुसा भरून ते गाईपुढे ठेवायचे. ती त्याला चाटते आणि फसते. दुसरा उपाय अधिक क्रूर. त्याला फुंका म्हणतात. नळीने किंवा तोंडाने जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकायची. त्या उद्दीपनाने पीयूष ग्रंथी फसते आणि दूध उतरते. ही युक्ती फक्त भारतातली नव्हे. हिरोडोटसने इ. स. पूर्व पाचव्या शतकात शक लोक घोड्यांचे दूध काढताना हाडाच्या नळ्यांनी असेच करतात असे लिहून ठेवले आहे. ब्रिटिश भारतात १८९० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात फुंक्यासाठी स्वतंत्र शिक्षा घालावी लागली. केवळ एखाददुसऱ्या दुष्ट माणसाचे हे कृत्य असते, तर कायद्यात वेगळे कलम लागले नसते.

या प्रथेचे एक टोक आपल्या परिसराच्या अगदी जवळ येते. कलकत्त्याहून आलेल्या लिखाणात गवळी जनावरांचे कसे हाल करतात हे वाचून गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. १९१८ च्या आजारपणानंतर प्रकृती सुधारावी म्हणून ते माथेरानला आले. बदलापूरच्या पुढे, नेरळहून वर. तिथले पाणी मानवले नाही. पुढे मुंबईत डॉ. दलालांनी दूध घेण्याचा आग्रह धरला. तेव्हा, तुमची प्रतिज्ञा गाई-म्हशींच्या दुधाची होती, शेळीच्या नव्हे, असे कस्तुरबांनी सुचवले. गांधींनी शेळीचे दूध घेतले. प्रतिज्ञेचा शब्द पाळला पण आत्मा मोडला, ही बोच त्यांनी आत्मचरित्रात लपवलेली नाही. दूध पिणाऱ्या शहरी माणसाच्या सद्सद्विवेकाचा मराठी मुलखात घडलेला इतका प्रांजळ प्रसंग दुसरा सापडणे कठीण आहे. आपण सगळेच पुढे एकेक शेळी शोधून काढली.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. शेजारच्या अंबरनाथमध्ये विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आधीपासून होता. १९५० च्या दशकात शस्त्रनिर्मितीचे सरकारी कारखाने आले. भातशेती आणि पाड्यांचा हा मुलूख एका पिढीत कामगारांचा झाला. ज्याच्या गोठ्यात गाय नाही अशा हजारो घरांना सकाळचा चहा लागू लागला.

योगायोग असा की याच १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्धवसाहत सुरू झाली. तिचे शिल्पकार दारा खुरोडी. मुंबईतल्या गलिच्छ तबेल्यांतून म्हशी बाहेर काढून मोकळ्या, स्वच्छ गोठ्यांत ठेवायच्या आणि दूध एका ठिकाणी निर्जंतुक करून काचेच्या बाटल्यांतून घरोघर द्यायचे, ही कल्पना त्या काळाच्या मानाने फार मोठी होती. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि दुधाची भुकटी मिसळून स्वस्त 'टोन्ड' दूध करण्याचे श्रेयही खुरोडींनाच जाते. त्या दुधाने अनेक गरीब मुले पोसली, हे नाकारता येत नाही. तिकडे १४ डिसेंबर १९४६ रोजी आणंदला खेडा जिल्हा सहकारी संघ नोंदवला गेला होता, आणि मुंबईच्या बाजारात शिरण्यासाठीच त्याची धडपड होती. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून दिला गेला. दुधाचा शहरी आणि ग्रामीण असे दोन्ही रस्ते त्यात एकत्र गौरवले गेले.

याच सुमारास ग्राहक आणि गाय यांच्यातला शेवटचा धागा तुटला. गवळी दारात गाय आणून समोर धार काढी तेव्हा, निदान पाणी पडत नाही एवढे पाहण्यासाठी तरी, माणूस गाईकडे पाहत असे. बाटली आली, मग पिशवी आली. भेसळीची भीती सरकारी शिक्क्याने घेतली आणि पाहण्याचे कारण उरले नाही. १९७६ च्या कायद्याने राज्याच्या नागरी भागांत गुरे पाळायला परवाना आवश्यक झाला. मुंबईची वाढ जशी उत्तरेला आणि पूर्वेला सरकली, तसे तबेलेही कल्याण-भिवंडीच्या बाजूला दिसू लागले. आणि ही गावे शहरे झाली तसे तेही नकोसे ठरले.

पान्ह्याला फसवण्याचे साधनही दरम्यान बदलले. व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बाळंतपणातील रक्तस्राव थांबवून असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवणारे हे औषध. तेच सुईतून तबेल्यात पोचले. ना वासरू, ना भुशाचे कातडे, ना फुंका. टोचले की दूध उतरते. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमात फुंक्याच्या जोडीला, दूध वाढवण्यासाठी दिलेले आणि जनावराला अपायकारक असे इंजेक्शनही पुढे समाविष्ट झाले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने खाजगी कंपन्यांना देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली, कारण प्रसूतिगृहांना औषध कमी पडण्याचा धोका होता. जिव्हाळ्याचे रसायन बाटलीत भरता आले, पण कोणाच्या हाती जावे आणि कोणाच्या जाऊ नये हे ठरवता आले नाही.

एक बदल याहून शांतपणे झाला. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ'सारख्या संस्थांनी कृत्रिम रेतनातून जर्सी आणि होल्स्टीन संकर खेड्याखेड्यांत पोचवला. दोन लिटरच्या जागी दहा लिटर दूध आले, आणि त्या पैशातून मुलांची शिक्षणे झाली. पण देशी गाय आणि युरोपीय गाय यांत फरक फक्त लिटरांचा नाही. आपल्या वशिंडाच्या गाई सहसा वासरू जवळ असल्याशिवाय पान्हावत नाहीत. युरोपीय गाई पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळे वासराविनाही, हाताच्या किंवा यंत्राच्या स्पर्शाने पान्हावतात. म्हणजे ज्या वत्सल गाईचे आपण गोडवे गातो, तिचे वात्सल्य हीच दुग्धव्यवसायाच्या दृष्टीने खोड ठरली, आणि ती वंशातून कमी करत नेण्यात आली. नर वासराचे काय करायचे हा प्रश्न ट्रॅक्टरने आणखी अवघड केला. गोहत्येवर राज्यात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ पासून ती बैल-वळूंनाही लागू झाली. न पोसता येणारा आणि न विकता येणारा पाडा रस्त्यावर सोडला जातो. कायद्याने त्याला जीव दिला, गव्हाण दिली नाही.

मग माया हे केवळ जुन्या अडाणी तंत्राचे गोड नाव होते काय? २००९ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातील डग्लस आणि रोलिन्सन यांनी ५१६ दुग्धव्यावसायिकांची पाहणी प्रसिद्ध केली. गाईंना नावाने हाक मारणाऱ्यांच्या गोठ्यांत दर गाईमागे वर्षाला सरासरी २५८ लिटर दूध अधिक होते. नावानेच दूध वाढते असे त्यातून सिद्ध होत नाही. नाव ठेवणारा माणूस बाकीची काळजीही घेत असणार. या संशोधनाला त्याच वर्षी 'इग्नोबेल' हे गमतीचे पारितोषिक मिळाले. आधी हसू यावे आणि मग विचार करावासा वाटावा, अशा कामासाठी ते देतात. तांबू, कपिला, मोरी अशी नावे ठेवणाऱ्या आपल्या आजीला हसू आले नसते.

अश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेला, सवत्स धेनूची पूजा होते. त्या दिवशी पुष्कळ घरांतल्या बायका गाईचे दूध, ताक, तूप घेत नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. कारण विचारले तर 'व्रत आहे' एवढेच उत्तर मिळते. पण या व्रताचा सरळ अर्थ लावता येतो. वर्षातून एक दिवस दूध वासराचे आहे असे मान्य करणे, म्हणजे उरलेले सर्व दिवस आपण ते घेतो याची कबुली देणे. शिलाहारकालीन दगडावर वासराचा हक्क शिल्पातून जपलेला आहे, तर वसुबारसेत उपासातून.

आता शहरांत ही पूजा बाजारातून आणलेल्या मातीच्या गाय-वासरासमोर होते. मातीचे वासरू कासेला लागलेले असते, गाय मान वळवून त्याच्याकडे पाहत असते. बुवापाड्यासारख्या वस्तीत मूर्ती ठेवायला फळीवर कोपरा मिळाला तरी पुरे. त्या संध्याकाळी चहाची पिशवी फोडावी की नाही, असा प्रश्न कुणा गृहिणीला पडत असेल, तर त्याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नये. हजार वर्षे चालत आलेल्या एका हिशेबातली ती शिल्लक राहिलेली नोंद आहे, आणि तो हिशेब अजून मिटलेला नाही.